मी मेलो नाई, एवढंच

चिखलीहून दोन मास्तर घरी आले अन् म्हनले, "मामा, आमच्या दिवाळी अंकाले तुमचं काई पायजे." म्या इचारलं, "कोनत्या मापाच्या देऊ?" तं म्हने बांगड्या नाई, लेख पायजे. ज्या बायाईले कोनाचा आधार नोता त्याईले धंदा शिकवून पोटाले लावनारा मानूस म्हून तुमचं नाव आमाले सांगतलं. म्या मांगं वळून पाह्यलं, दुसरं कोनी उभं हाय का म्हून.

मले लिहता येत नाई. शाळेत एकच दिवस गेलो, त्या दिवशी सुट्टी निघाली. म्हून मी बोलून राह्यलो अन् माही नात लिहून राह्यली. ती मंधात मंधात पेन थांबवते अन् म्हन्ते, "आबा, हे खरं हाय का?" मंग मले ते खोडाले सांगा लागते. तवा जे छापून आलं ते खरंच समजा.

आंधी धंदा सांगतो. शहरातल्या बाया आता दुकानातून डबा आनतात अन् घरी आपल्या हातानं बांगड्या चढवतात. त्याईले वाटते बांगडी ही अंगठीवानी सरकवाची चीज हाय. तसं नसते. काचेची बांगडी मनगटावर बेताची बसली पायजे. लोंबकळली तं भाकर थापताना फुटते. म्हून ती पंजापेक्षा लहानच घ्या लागते. आता बांगडी लहान अन् पंजा मोठा, तं त्या मोठ्या पंजातून लहान बांगडी पार कराची, हेच कासाराचं काम. अंगठा आतमंधी दुमडाचा, करंगळीच्या बाजूनं दाबाचं, अन् हात ढिल्ला पडला का त्याच टायमाले सरकवाचं. बाईनं हात ताठ केला का काच फुटून रुतते. अन् फुटली असं म्हनाचं नाई, वाढली म्हनाचं. बाईची बांगडी फुटनं म्हन्जे नवऱ्याच्या जिवाले धोका, असं मानतात म्हून.

तं सारी कला हात ढिल्ला कराची. आमच्याकडच्या बायाईचे हात निंदून, कापूस वेचून लाकडावानी झालेले. त्याले माह्या बापानं मले एकच औषध शिकवलं, बोलनं. माहेर कुठचं, भाऊ न्याले आल्ता का, असं इचारत राहाचं. माहेरचं नाव निघालं का हात नरम होते. हासली तं आनखीनच नरम. म्हून मी गमत्या झालो. शौक नोता, पोटासाठी. एकदा एका पाटलीनबाईले म्या इतकं हासवलं का तिनं हासता हासता हात जमिनीवर आपटला. भरलेल्या सगळ्या बांगड्या वाढल्या. त्या दिवशी मी घरी हात हालवत गेलो अन् बायकोले म्हनलं, धंदा लय जोरात झाला, माल शिल्लकच नाई.

महाराष्ट्र नवानवा झाला होता, पंचायत समित्याही नव्याच होत्या. चिखलीले इंदूताई नावाची ग्रामसेविका आली. अमरावतीकडची पोरगी, सायकलवर गावोगाव फिरे. नवऱ्यानं टाकलेल्या, नवरा मेलेल्या, भावाच्या घरी पडून असलेल्या बायाईले काई धंदा शिकवाव असं तिच्या मनात होतं. शिवनयंत्रं मांगितली होती, ती काई येऊन नाई राह्यली होती. तिनं एक दिवस बाजारात सगळ्या कासाराईले इचारलं, तुमी शिकवता का म्हून. हा धंदा आमी जातीबाहेर शिकवत नाई. जे जागे होते ते सगळे नाई म्हनले. मी टोपलीले टेकून झोपलो होतो. तिनं मले हालवलं अन् म्या झोपेतच हाव म्हनलं.

"तुमच्या धंद्याले काय काय लागते, मामा?" तिनं इचारलं.

"एक टोपली अन् तोंड."

"टोपली समिती देईन," ती म्हने. "तोंड बायाईजवळ आंधीचंच हाय."

चिखलीले एका जुन्या गोदामात आमचा वर्ग भरे. पाच बाया होत्या. त्यात जनाबाई नावाची एक होती, नवऱ्यानं टाकलेली, जीभ कात्रीवानी. पयल्याच दिवशी प्रश्न आला का शिकाचं कोनाच्या हातावर. एकमेकीच्या हातावर शिकाले बाया तयार नाईत. बांगड्या फुटनार हे ठरलेलंच होतं, अन् अपशकुन कोन घेईन. जनाबाई म्हने, "माहा नवरा मले सोडून गेला, पन जित्ता हाय. कवा तरी येईन. त्याले इथं गोदामात काऊन मारू मी?"

मंग सगळ्या माह्याकडं पाहू लागल्या.

"मामा, तुमचे हात द्या," जनाबाई म्हने. "तुमच्या हातावर वाढल्या तं कोनाचा नवरा मरत नाई."

"अन् माही बायको मेली तं?"

"बायकोच्या मरन्याशी बांगडीचं काई देनंघेनं नसते, मामा. तसं असतं तं तुमी सगळ्या गड्याईनं कोपरापरेंत भरल्या असत्या."

तवापासून माहेच हात. रोज दुपारभर पाच बाया मले बांगड्या भरत. पंजाची सालटं निघाली. एक दिवस जनाबाईनं जोर लावून हिरव्या बांगड्या चढवल्या, अन् हात असा सुजला का त्या निघतच नाईत. फोडाचं म्हनलं तं बाया म्हनल्या, नवा माल हाय मामा, कायले फोडता, सकाळी सूज उतरली का काढू. मी तसाच यष्टीत बसलो. कंडक्टरनं टिकिट देता देता माह्या हाताकडं पाह्यलं, तोंडाकडं पाह्यलं, अन् एका पोराले म्हने, "ऊठ बे, बाईमानसाले जागा दे." गावात उतरलो तं पारावर सगळे गडी. घरी गेलो तं पारबती, माही बायको, दारातच उभी. तिले आंधीच खबर लागली होती. तिनं पाट टाकला, कुकवाचा करंडा आनला अन् म्हने, "बसा बाई. पयल्यांदा आल्या, वटी भरून जा."

त्या पाचाईत कौसल्या होती. वय पंचविशीच्या आत. नवरा विहीर खोदताना दरड पडून गेला. सासरच्याईनं माहेरी आनून सोडली. हात मोकळे, कपाळ मोकळं. ती बोलतच नसे. म्या इंदूताईले सांगतलं, ही मुकी पोरगी, इले हा धंदा येनार नाई. बोलल्याबिगर बांगडी चढत नाई.

मंग तिची पाळी आली. तिनं माहा हात घेतला अन् नुस्ता धरून बसली. दाबला नाई, मुरगाळला नाई. मी सवयीनं एक गमत सांगतली, ती हासली नाई. दुसरी सांगतली, तरी नाई. मंग मले काई सुचेना, मी चूप झालो. दुपारची वेळ, बाहेर एक बैलगाडी गेली, तिचा आवाज दूर जायेपरेंत आईकू आला. अन् मले समजलं का लहानपनानंतर कोनी माहा हात असा धरलाच नाई. पाह्यतो तं बांगडी मनगटावर. कवा गेली तेच समजलं नाई.

मी इतकी वर्षं बोलत होतो. त्या पोरीनं दाखवलं का चूप राहूनही होते. म्या तिले शाबासकी द्याले पायजे होती. म्या म्हनलं, "हाव, तुक्का लागला." मंग तिनं दुसऱ्या हातात भरली.

तिच्या पुढं अडचन अशी होती. भाऊ चांगला होता, पन भावजय कुरकुर करे. जळगाव जामोदकडचा एक बिजवर पाह्यला होता, भावापेक्षाही वयानं मोठा, घरात चार लेकरं. त्याच्याशी पाट लावाचं ठरत आलं होतं. आमच्याकडच्या शेतकरी लोकाईत विधवेचं दुसरं लगन होते, त्याले पाट म्हनतात, त्यात वाईट काई नाई. पन कौसल्याले तो मानूस नको होता. तिनं भावाले शब्द मांगितला, दिवाळीपरेंत मी माह्या पोटाचं मी कमावलं तं मले पाठवू नको. भाऊ हाव म्हनला, कारन त्याले वाटलं हे होनारच नाई.

अन् त्याचं बरोबर होतं. विधवेच्या हातानं बांगड्या कोन भरीन? या गोष्टीचा म्या, धंद्यातल्या मानसानं, आंधी इचारच केला नोता. मले वाटलं हात नरम आला म्हन्जे झालं.

आमच्या गावात नागपंचमीचा बाजार भरला. पाची जनी आपापल्या टोपल्या घेऊन रांगेनं बसल्या, मी मांगं. जनाबाईजवळ गर्दी, बाकीच्याईजवळबी बऱ्यापैकी. कौसल्याजवळ कोनी नाई. मंग एक नवी सून आली, सोनाबाईची. सोनाबाई म्हन्जे आमच्या गावातली मोठी बाई, बारसं असो का हळद, तिच्या शब्दाबिगर सुरू होत नसे. सून कौसल्यापुढं बसली, हिरव्या बांगड्याईवर बोट ठेवलं. कौसल्यानं तिचा हात हातात घेतला. तेवढ्यात मांगून सोनाबाई आली अन् सुनेचं मनगट धरून हात ओढून घेतला.

"तुले दिसत नाई का वं?" ती सुनेले म्हने. "तिचे हात पाह्य आंधी."

मंग माह्याकडं वळली. "सखाराम, तुले समजाले पायजे होतं. पोर नवी हाय, नवरा तालुक्याले कामाले हाय. काई बरंवाईट झालं तं कोनाले धराचं?"

कौसल्यानं टोपलीवर फडकं झाकलं अन् उन्हं कलेपरेंत तशीच बसून राह्यली. बाजार उठला तवाच उठली.

मंग मले अक्कल सुचली. म्या तिले सांगतलं, "आपन घाटाखाली जाऊ. पिंपळगाव राजाच्या बाजारात तुले कोन ओळखते? कुकू लाव, हातात चार बांगड्या घाल, अन् बस टोपली घेऊन."

तिनं माह्याकडं पाह्यलं. "मामा," ती म्हने, "मी काई चोरी करून नाई राह्यली."

तिचं एवढं मोठं वाक्य म्या पयल्यांदाच आईकलं. मंग मी दोन दिवस तिच्यापुढं गेलोच नाई.

चिखलीच्या मुसलमान मोहल्ल्यात माहं एक जुन्या गिऱ्हाईकाचं घर होतं. तिथल्या बाया पडद्यात. मी ओसरीवर बसाचो, पडद्यातून हात बाहेर ये, मी भराचो. चेहरा कोनाचाच पाह्यला नाई, हात मात्र सगळ्याईचे वळखीचे. एकदा दोन बहिनींचे हात एकदम बाहेर आले अन् म्या एकीचा चुडा दोघीत वाटून टाकला. आतून इतकी भांडनं आईकू आली का मी टोपली तिथंच सोडून पळालो. तं त्या घरी लगन निघालं, मी कौसल्याले संग घेतलं. पडद्याआडून घरातल्या थोरल्या बाईचा, बडी बीचा आवाज आला, "कौन है मामू के साथ?"

"बांगड्या भरनारी हाय. नवी हाय," म्या म्हनलं.

"शौहर क्या करता है?"

मी तोंड उघडलं, पन कौसल्याच आंधी बोलली, "मेला."

आतमंधी कुजबुज झाली. एक बाई म्हने, शादी का घर है. मंग बडी बी म्हने, "मैं भी बेवा हूँ. मेरे हाथ की रोटी तो रोज खाते तुम सब. अंदर आ, बेटी."

ती आत गेली अन् मी ओसरीवर एकटा. थोड्या वेळानं पडद्यातून एक हात बाहेर आला, बिनबांगडीचा. म्या सवयीनं अंगठा धरला. "मामा, मी हाय," आतून कौसल्या म्हने. "अडीचच्या मापाच्या लाल द्या." दिवसभर मी बाहेरून माल देत राह्यलो. माहा हुद्दा त्या दिवशी तिच्या हाताखालच्या गड्याचा झाला.

पन एका लगनानं पोट भरत नाई. अन् गावात बाया म्हनल्या, त्याईच्यात चालते, आपल्यात नाई.

हे सगळं मी घरी पारबतीले सांगत असे. ती भाकरी थापत आईके. एक दिवस म्हने, "तुमी तिले धंदा शिकवला. गिऱ्हाईक कोन देनार?"

"गिऱ्हाईक का माह्या हातात हाय?"

"तुमच्या हातात काय हाय ते मले म्हाईत हाय," ती म्हने, अन् भाकर पलटवली.

महालक्ष्म्यांच्या, म्हन्जे गौरीच्या आंधीचा बाजार. आमच्याकडं महालक्ष्म्यांसाठी घरोघरच्या बाया नव्या बांगड्या भरतात. बाजारात पाय ठेवाले जागा नोती. पारबती आली अन् सरळ कौसल्यापुढं जाऊन बसली. तुमाले सांगाले पायजे, कासाराची बायको नवऱ्याशिवाय कोनाच्याच हातानं बांगडी भरत नाई. ती त्याची इज्जत असते. तिनं आपल्या हातानं जुन्या बांगड्या हळूहळू उतरवल्या, एक तेवढी राहू देली, अन् दोनी हात पुढं केले.

"भर वं."

कौसल्या हालली नाई. "मामी, नका," ती हळूच म्हने.

सोनाबाई तिथंच होती. "पारबते, येडी झाली का तू? नवरा जित्ता हाय तुहा."

"हाय ना. तो काय तिथं बसला हाय दात काढून."

"त्याले काई झालं मंग?"

"त्याले काई झालं तं त्याच्या खान्यानं होईन," पारबती म्हने. "या पोरीच्या हातानं नाई."

मी उठून उभा राह्यलो. "अवं, मले इचारशीन तं."

"तुमाले काय इचाराचं? हात माहा, बांगड्या माह्या."

"अन् जीव माहा."

बाया हासल्या, पन पुढं कोनी सरकलं नाई. कौसल्यानं पारबतीचा हात घेतला. नेहमीसारखी चूप बसली. पारबतीचा हात लय कडक, म्या इतकी वर्षं भरल्या, दर खेपेले एखादी वाढेच. कौसल्याच्या हातून एकही वाढली नाई. भरून झाल्या का बाई कासाराच्या पाया पडते, अशी रीत हाय. पारबतीनं पदर सावरला अन् त्या पोरीपुढं वाकली. कौसल्यानं पाय मांगं घेतले.

"मांगं सरू नको," पारबती म्हने. "धंद्याची रीत हाय. पडू द्याव."

सोनाबाईनं सगळं पाह्यलं. जाता जाता म्हने, "पाहू. दिवाळीपरेंत सखाराम कसा राह्यते, ते पाहू."

झालं. म्हन्जे आता असं ठरलं का मी जित्ता राह्यलो तं कौसल्याच्या टोपलीले गिऱ्हाईक, अन् मी मेलो तं ती जळगाव जामोदले. पंचायत समितीनं मले बाया शिकवाले ठेवलं होतं, पन खरी नोकरी ही लागली. मराचं नाई.

तुमाले सांगतो, सोपी नसते. मले जित्तं राहाची आदत होती, पन कोनी पाहून राह्यलं नोतं तवा. आता मी शिंकलो का तीन घरातून डोकी बाहेर. विहिरीवर गेलो का बाया इचारत, "बरे हा ना, मामा?" आवाजात काळजी कमी अन् चौकशी जास्त. एकदा मी ठेच लागून पडलो, तं उठाच्या आंधी सोनाबाईच्या दारात खबर. मी लंगडत नाई हे दाखवाले त्या गल्लीतून दोनदा नाचत गेलो. बाया म्हनल्या, आता डोस्क्यावर परिनाम झाला.

अन् पावसाळा सरता सरता मले हिवताप आला.

सकाळी चांगला, दुपारी दात वाजत. पारबतीनं दोन गोधड्या टाकल्या, वरून स्वतः बसली. मी म्हनलं, लोकाईले सांग सखाराम मलकापूरले मालाले गेला. ती म्हने, "मंग तं म्हनतीन, मेला अन् लपवून ठेवला. उद्या बाजार हाय. बाजारात दिसाच लागते." तिची चेष्टा नोती. तिचे डोळे लाल होते. तिनं पैजेवर जीव माहा लावला होता, हे तिले आता समजत होतं. म्या म्हनलं, "अवं, अशात मराची माही टाप नाई. तू मले मारून टाकशीन."

बाजारात बसलो. अश्विनातलं ऊन, लोकं पागोट्यानं घाम पुसत अन् मी आतून थंडीनं कुडकुडत. दात वाजू नये म्हून मी गात बसलो. मले गाता येत नाई. सोनाबाई आली, पुढं उभी राह्यली, अन् पदराखालून भाकर अन् मिरचीचा ठेचा काढला. "खाय, सखाराम. तुह्यासाठी आनला."

तोंडाले चव नाई. पन खाल्ली. सगळी. ठेचाही. डोळ्यातून पानी आलं, ते ठेच्यावर लोटलं. सोनाबाई म्हने, "भूक तं बरी हाय."

ती गेली अन् कौसल्या माह्याकडं सरकली. "मामा, हात द्या पाहू." म्या म्हनलं, आता शिकाचं काई राह्यलं नाई. तिनं धरलाच. तिले काय सांगाचं, हाताची पारख तिची. तिनं लगेच टोपलीवर फडकं टाकलं.

"घरी चला."

"अवं, बाजार चालू हाय."

"मामा, मी पाट लावीन," ती म्हने. आवाज चढवला नाई, कोनाले आईकूही गेलं नाई. "मले चालते. चार लेकराईचं करीन मी. तुमी माह्या टोपलीसाठी इथं उन्हात मरू नका. मामीकडं मी कोनत्या तोंडानं पाहू?"

मी गमत्या मानूस. मले वाटलं होतं हे सगळं गमतीतच चाललं हाय. त्या पोरीनं आपली सगळी जिंदगी उचलून माह्या तापापुढं ठेवली. मी एवढंच म्हनलं, "बस खाली. तू उठली तं मी खरंच पडतो." ती बसली. पन हात सोडला नाई. बाया येत जात होत्या, त्याईले वाटलं मामा शिकवून राह्यला. बाजार उठेपरेंत तिनं माहा हात धरून ठेवला, अन् मी त्याच आधारानं सरळ बसलो.

इंदूताई सायकलवर सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेऊन आली, पारबतीनं त्या घड्याळासारख्या चारल्या. इतक्या कडू का मी मेलो असतो तं त्याईनंच. ताप उतरला. दिवाळीच्या आंधी सोनाबाई आमच्या घरी आली, संग सून. मले उभं राहाले लावलं, वरून खालपरेंत पाह्यलं.

"वाळला थोडा."

"सोनाबाई, तुमचा ठेचा अजून उतरून राह्यला."

ती हासली नाई. कौसल्या ओसरीवर टोपली घेऊन होती. सोनाबाईनं सुनेचा हात धरला अन् कौसल्याच्या हातात देला. "भर," ती म्हने. "पन हळू. पोटुशी हाय."

त्या दिवाळीले कौसल्याचा माल दुपारीच सरला. भावजयबी येऊन भरून गेली. बिजवरानं दुसरी पाह्यली. जनाबाईचा नवरा मात्र परत आला, टोपली चालते हे आईकून. तिनं त्याले टोपली डोक्यावर देऊन पुढं चालाले लावलं.

तवाचं सगळं जमलं असंबी नाई. पाचातल्या एकीनं टोपली इकून टाकली, एक सासरी परत गेली अन् मंग तिची खबरच नाई. तिले म्या चांगलं शिकवलं नोतं, मी तवा लय गमती सांगत होतो. कौसल्याचं आता चिखलीले दुकान हाय. तिथं ती नव्या पोरीईले शिकवते. हातावर हात धरून बसाले लावते. मी एकदा गेलो अन् म्हनलं, माहे हात घ्या शिकाले. पोरी म्हनल्या, आबा, आता लाकडी हात भेटते.

पारबती गेली त्याले काई वर्षं झाली. पोटाचं दुखनं निघालं, लवकरच आटोपलं. नवरा असताना गेली म्हून बायाईनं तिले हिरवं लुगडं नेसवलं, कुकू लावलं. हिरव्या बांगड्या भराच्या राह्यल्या. मी कासार, मीच भराले पायजे. मी टोपली घेतली, तिचा हात घेतला. तिचा हात आंधीच कडक, आता तं थंडबी. माहेर कुठचं असं म्या तिले इचारलं. मंग बांगडी माह्याच हातून सुटली.

तवा सोनाबाईनं, ती आता वाकून गेलेली म्हातारी, मांगून म्हनलं, "ठेव खाली, सखाराम. कौसल्याले बोलवा."

कौसल्या यष्टीनं आली. बायाईनं वाट देली. तिनं पारबतीचा हात घेतला अन् बसली, जशी बसे तशी. घाई केली नाई. कोनीच केली नाई. मंग एक एक बांगडी भरली. एकही वाढली नाई.

तेरवी झाली, पाव्हने गेले. मी ओसरीवर भिताडाले टेकून होतो, पानीबी नको वाटे. कौसल्या ताट घेऊन आली अन् माह्यापुढं बसली.

"मामा," ती म्हने, "आता तुमी मेले तरी माह्या धंद्याचं काई जात नाई."

आमच्या सगळ्या वर्षाईत तिनं केलेली ही पयली गमत.

"म्हून म्हन्ते," ती म्हने, "आता स्वतःसाठी जेवा."

जेवलो.